एकाच भांड्यातला खिमा-पास्ता: पास्ता गिच्च आणि खिमा चिवट का राहतो

एकाच भांड्यात खिमा आणि पास्ता शिजवण्याचा बेत सोपा म्हणून केला जातो. परंतु कोकण किनाऱ्यावरच्या अनेक स्वयंपाकघरांत तो पुन्हा पुन्हा एकाच रीतीने बिघडतो. पास्ता गिच्च होतो, खिमा मात्र चिवट आणि दाणेदार राहतो, आणि भांड्याच्या बुडाशी करपलेला थर धरतो. मग पुढच्या वेळी कोणी पाणी कमी करून पाहतो, कोणी दुसऱ्या कंपनीचा पास्ता आणतो, कोणी आच वाढवतो, आणि तरीही तीनपैकी एखादी तक्रार उरतेच. माझ्या मते ह्या तक्रारी वेगवेगळ्या नाहीत. ज्या दोन जिनसांना शिजायला अगदी भिन्न वेळ लागतो, त्या आपण एकाच वेळी भांड्यात टाकतो, हे त्यांचे समान मूळ आहे, आणि ते लक्षात घेऊन क्रम बदलला की बहुतेक अडचणी आपोआप सुटतात.

ही कृती जिथून आली तिथला खिमा आणि आपल्याकडचा खिमा यांतला फरक आधी समजून घेतला पाहिजे. अमेरिकेत १९७१ मध्ये जनरल मिल्स या कंपनीने ‘हॅम्बर्गर हेल्पर’ ही कोरडा पास्ता आणि मसाल्याची पुडी असलेली पेटी देशभर विक्रीस आणली, आणि एक पौंड खिमा, एक पसरट भांडे व अर्धा तास एवढ्यात जेवण तयार करण्याची पद्धत तिथल्या घराघरांत रुळली. पेटीऐवजी सर्व जिन्नस घरीच जमवून करण्याच्या ज्या कृती आज वाचायला मिळतात, त्यांची मांडणी बहुधा तशीच असते: खिमा आठ-दहा मिनिटे परतावा, पाणी आणि पास्ता घालावा, झाकण ठेवावे. तिथला बराचसा खिमा साधारण दीड-दोन वर्षांच्या, मांसासाठीच वाढवलेल्या जनावराचा असतो आणि त्यात पुष्कळदा १५ ते २० टक्के चरबी असते, त्यामुळे तेवढ्या वेळात तो खरोखरच मऊ होतो.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती आणि मार्च २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. त्यामुळे रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या बाजारात बीफ म्हणून जे मिळते ते म्हशीचे किंवा रेड्याचे मांस असते. हे मांस बहुतेक वेळा दूध आटलेल्या म्हशीचे, म्हणजे वय झालेल्या जनावराचे असते. त्याचा रंग गडद असतो, मांसात मिसळलेली चरबी कमी असते, आणि स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजन वयानुसार घट्ट झालेले असते. यंत्रातून काढल्याने मांसाचे लांब तंतू तुटतात, पण कोलॅजनचे तुकडे खिम्यात तसेच राहतात, आणि ते विरघळून मऊ होण्यासाठी ओलावा, उष्णता आणि वेळ ह्या तिन्ही गोष्टी लागतात. उघड्या किंवा झाकलेल्या भांड्यात मंद आचेवर असा खिमा मऊ व्हायला ३५ ते ४५ मिनिटे लागतात, तर पेन्ने, म्हणजे नळीच्या आकाराचा पास्ता, १० ते १२ मिनिटांत शिजते. परदेशी कृतीप्रमाणे दोन्ही एकत्र घातले तर पास्ता तयार होतो तेव्हा खिमा अर्धवट असतो. खिम्यासाठी थांबावे तर पास्त्याचा लगदा होतो, आणि घट्ट झालेला तो लगदा बुडाला चिकटून करपतो.

म्हणून पहिला नियम असा की पास्ता भांड्यात पडण्यापूर्वी खिमा पूर्ण शिजलेला असावा, इतका की तो तसाच पावाबरोबर खाता यावा. हे काम एका भांड्यात करण्यासाठी आपल्या घरांत एक उत्तम साधन आधीपासूनच आहे, ते म्हणजे प्रेशर पॅन. जाड बुडाचे हे पसरट भांडे परतायला सोयीचे असते, शिट्टी लावून खिमा मऊ करते, आणि झाकण काढले की त्यातच पास्ता शिजवता येतो. दाबाखाली पाण्याचे तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, त्यामुळे उघड्या भांड्यात पाऊण तास घेणारे कोलॅजन तिथे १२ ते १५ मिनिटांत नरम पडते.

चार माणसांसाठी ४०० ग्रॅम खिमा आणि २५० ग्रॅम पास्ता हे प्रमाण मी योग्य मानतो. खिमा घेताना मांस निवडून, वरचे पांढरे पडदे आणि शिरा काढायला सांगून, यंत्रातून दोनदा काढून घ्यावा. आधीच काढून ठेवलेला खिमा स्वस्त पडतो, पण त्यात कुठले तुकडे गेले आहेत हे कळत नाही आणि चिवटपणाचे निम्मे कारण तिथेच असते. चरबी वेगळी घालून घेण्याचा आग्रह धरू नये. म्हशीची चरबी लवकर थिजते आणि जेवण थोडे निवले की टाळूला चिकटते. त्यापेक्षा दोन मोठे चमचे तेल घालणे बरे. घरी आणलेला खिमा त्याच दिवशी वापरावा किंवा लगेच शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते अशा गावांत तर दुसऱ्या दिवसाचा भरवसाही धरू नये.

खिमा परतताना होणारी एक चूक सर्वत्र दिसते, ती अशी की सगळा खिमा एकदमच भांड्यात टाकला जातो. त्यामुळे भांडे थंड होते, खिम्याला पाणी सुटते आणि तो भाजण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात करड्या रंगाचा होऊन उकळत राहतो. मांसाला भाजल्याचा रंग आणि वास यायला त्याचा पृष्ठभाग १४० अंशांच्या वर जावा लागतो, आणि पाणी असेपर्यंत तो १०० अंशांच्या पुढे जात नाही. खिमा दोन वेळा करून, मोठ्या आचेवर, पहिली दोन-तीन मिनिटे न ढवळता भाजावा. शीतकपाटातून काढलेला खिमा असेल तर सुटलेले पाणी आधी निथळून टाकावे. खिमा बाजूला काढून त्याच तेलात कांदा परतावा, लसूण आणि मिरपूड घालावी, आणि मालवणी मसाला घालायचा असल्यास आच अगदी कमी करून घालावा, कारण तो क्षणात करपतो आणि त्याचा कडूपणा पुढे कशानेही जात नाही. मग सर्व खिमा परत भांड्यात घालून, अर्धे मीठ आणि एक वाटी पाणी घालून, बुडाला चिकटलेला तपकिरी थर उलथन्याने खरवडून त्या पाण्यात मिसळावा. हा थर म्हणजे ह्या पदार्थाची निम्मी चव आहे, आणि तो सोडवला नाही तर पुढे जळणारा पहिला भागही तोच असतो. एवढे झाले की झाकण लावून, पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून १२ ते १५ मिनिटे शिजू द्यावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी.

कच्च्या पपईचा उपाय आपल्याकडे ठाऊक आहे आणि तो येथेही चालतो, पण जपून. सालीसकट वाटलेल्या कच्च्या पपईचा एक लहान चमचा ४०० ग्रॅम खिम्याला अर्धा तास पुरतो. जास्त झाली किंवा रात्रभर ठेवली तर खिम्याचे पीठ होते, आणि तो दोष दुरुस्त करता येत नाही. प्रेशर पॅन वापरणार असाल तर पपईची गरजच नाही.

टोमॅटो शिट्टीपूर्वी घालू नयेत. थोड्या पाण्यात आणि दाबाखाली टोमॅटोचा गर बुडाशी बसून लागतो. झाकण उघडल्यावर तीन मध्यम टोमॅटो बारीक चिरून घालावेत आणि कच्चा वास जाऊन कडेने तेल दिसेपर्यंत, म्हणजे आठ-दहा मिनिटे, उघडेच शिजवावेत. एवढे झाल्यावर भांड्यात जे असते तो एक तयार, मऊ, दाट खिमा असतो, आणि आता फक्त पास्त्याचा विचार करायचा असतो.

पाण्याचा हिशोब

पास्ता किती पाणी पितो हे कळले की अंदाजाने ओतण्याची गरज राहत नाही. कोरडा पास्ता शिजताना आपल्या वजनाहून थोडे अधिक पाणी शोषतो; २५० ग्रॅम पास्त्याला साधारण ३०० ते ३५० मिली लागते. उरलेले पाणी दोन ठिकाणी जाते: काही वाफ होऊन उडते आणि काही रस म्हणून राहते. वाफेचा भाग भांड्याच्या तोंडावर अवलंबून असल्यामुळे एकच माप झाकलेल्या प्रेशर पॅनमध्ये बरोबर ठरते आणि उघड्या, पसरट कढईत कमी पडते. एकाच कृतीने एका घरी पातळ आणि दुसऱ्या घरी कोरडा पास्ता होण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. वर सांगितलेल्या प्रमाणाला, खिम्यात आधीच असलेला रस धरून, ६०० मिली आधणाचे पाणी घालावे आणि आणखी दोनशे मिली शेजारच्या शेगडीवर कढत ठेवावे.

पाणी कढतच असले पाहिजे, याचे कारण आहे. गव्हाचा स्टार्च ६० अंशांच्या आसपास पाणी शोषून फुगू लागतो. थंड पाण्यात पास्ता घालून हळूहळू तापवला तर एवढ्या कमी पाण्यात बाहेरचा थर आधीच नरम होऊन तुकडे एकमेकांना चिकटतात आणि गाभा मात्र कोरडा राहतो. भांड्यातले सर्व मिश्रण खळखळून उकळल्यावरच पास्ता घालावा आणि पहिली दोन मिनिटे सतत ढवळावा, कारण पृष्ठभाग सर्वांत चिकट असतो तो त्याच वेळी. त्यानंतर झाकण ठेवून, आच मध्यमपेक्षा कमी करून, दर तीन मिनिटांनी फक्त बुडापासून एकदा उलथावा. सतत ढवळणाऱ्यांना वाटते की आपण काळजी घेत आहोत, पण नरम झालेले तुकडे त्याने मोडतात आणि सुटलेला स्टार्च रसाची खळ करून टाकतो.

दाट रसात पास्ता साध्या पाण्यापेक्षा सावकाश शिजतो, कारण तिथे मोकळे पाणी कमी असते आणि उष्णताही सारखी पसरत नाही. पाकिटावरची वेळ भरपूर पाण्यासाठी दिलेली असते, म्हणून येथे घड्याळापेक्षा दातावर भरवसा ठेवावा. तुकडा चावून पाहावा. मध्ये टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका उरला असेल तेव्हा आच बंद करावी आणि झाकण ठेवून पाच मिनिटे थांबावे. उरलेले शिजणे त्या उष्णतेत पुरे होते. आच चालू असताना पूर्ण मऊ झालेला पास्ता ताटात येईपर्यंत गिच्च झालेला असतो.

झाकण पुन्हा लावून पास्ता शिट्टीवर शिजवण्याचा मोह टाळावा. आत काय चालले आहे ते कळत नाही, आणि स्टार्चचा फेस वर चढून वाफेची वाट बुजण्याचा धोका असतो.

वाटण आणि नारळाचे दूध

बुडाशी लागण्याच्या तक्रारीचे एक कारण केवळ आपल्या भागातले आहे, आणि परदेशी कृतींत त्याचा उल्लेख मिळणे शक्यच नाही. खिमा म्हटला की भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण घालण्याचा हात आपल्याला आहे, आणि ते वाटण आपण खिम्याबरोबर सुरुवातीलाच घालतो. खिम्याच्या रश्शाला ते योग्यच आहे. पण पास्ता घातल्यावर तेच वाटण पाणी धरून बसते, रस पास्ता शिजण्याआधीच दाट होतो, आणि खोबऱ्याचा चोथा बुडाशी बसून करपतो. वर पाणी दिसत नाही म्हणून आपण पाणी वाढवतो आणि शेवटी वर पातळ, खाली करपलेले असे काहीतरी हाती येते. वाटण घालायचेच असेल तर पास्ता तीन-चतुर्थांश शिजल्यावर, आधणाच्या पाण्यात सैल करून, दोन मोठे चमचे एवढेच घालावे.

मला स्वतःला वाटणापेक्षा नारळाचे दूध ह्या पदार्थात अधिक पसंत आहे, आणि परदेशी कृतीतल्या मलईच्या जागी ते फार चांगले बसते. टोमॅटोच्या आंबटपणात दूध किंवा पातळ मलई घालून उकळली की फाटते, ही तक्रारही त्यामुळे राहत नाही. मात्र नारळाचे घट्ट दूधही जोरात उकळले की तेल आणि पाणी वेगळे होते. सोलकढी आणि माशाच्या आमटीसाठी पहिला घट्ट रस आणि दुसरा पातळ रस वेगळा ठेवण्याची जी रीत आहे, तीच येथे वापरावी: पातळ रस पाण्याच्या हिशोबात धरून पास्ता त्यात शिजवावा, आणि घट्ट रसाची अर्धी वाटी आच बंद केल्यानंतर मिसळावी. आंबटपणासाठी आमसूल घालणार असाल तर तेही शेवटच्या पाच मिनिटांतच घालून वाढण्यापूर्वी काढून टाकावे, कारण ते भांड्यात राहिले तर आंबटपणा वाढत जातो. चीज घालायचे असल्यास प्रक्रिया केलेले, वडीच्या आकाराचे चीज एकजीव विरघळते. मोझरेलाच्या तारा सुटतात. दोन्हींत मीठ असते, हे ध्यानात ठेवून मीठ शेवटी चाखूनच पुरे करावे. खाडीलगतच्या गावांत उन्हाळ्याच्या अखेरीस विहिरीचे पाणी मचूळ होते, तिथे तर पाणीही आधी चाखावे, कारण ते आटून दाट झाल्यावर खारटपणा वाढतो.

भांडे आणि पास्त्याची निवड

पातळ बुडाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात हा पदार्थ करू नये. शेगडीची ज्योत जिथे लागते तिथे मधोमध गोल करपतो आणि कडेचा पास्ता कच्चा राहतो. बिडाची कढई खिमा भाजायला अप्रतिम आहे, परंतु टोमॅटो तिच्यात अर्धा तास शिजला की रस काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते. जाड बुडाचे स्टीलचे पसरट पातेले किंवा प्रेशर पॅन हेच योग्य.

पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा आहे का, हे पाकिटावरील घटकांत पाहावे. अशा पास्त्याचा रंग पिवळसर असतो आणि त्यातल्या प्रथिनांची जाळी स्टार्चला धरून ठेवते. किराणा दुकानातला सुटा, पांढरट, मैद्याचा पास्ता भरपूर पाण्यात उकळून गाळायला चालतो. एका भांड्याच्या कृतीत त्याचा स्टार्च गाळून टाकायला वाव नसल्यामुळे तो कितीही जपले तरी गिच्च होतो. आकारांत पेन्ने किंवा पिळदार फुझिली घ्यावी. स्पगेटी कमी पाण्यात गठ्ठ्याने चिकटते.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. कोरड्या पास्त्यात सुमारे १२ टक्के ओलावा असतो. उघडे पाकीट दमट हवेत राहिले आणि मग चुलीजवळच्या फळीवर सुकले की तुकड्यांना केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि शिजताना ते मोडतात. पाकीट उघडल्यावर उरलेला पास्ता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

बिघडलेच तर

पास्ता कच्चा आणि रस संपलेला असेल तर शेजारी ठेवलेले कढत पाणी पाव-पाव वाटी करून कडेने सोडावे आणि झाकण ठेवून दोन-तीन मिनिटे मंद आचेवर ठेवावे. थंड पाणी ओतू नये, उकळी मोडते आणि पास्ता गिजगिजीत होतो. रस पातळ वाटला तर आटवायला घाई करू नये. आच बंद करून, झाकण काढून सात-आठ मिनिटे ठेवल्यास निवताना स्टार्च रसाला आपोआप दाट करतो, आणि पातळ म्हणून उकळत ठेवलेला पास्ता ह्याच मिनिटांत वाया जातो.

करपल्याचा वास आला की सर्वांत आधी ढवळणे थांबवावे. आच बंद करून, बुडाला हात न लावता वरचा भाग डावाने दुसऱ्या भांड्यात काढावा आणि चाखून पाहावा. बहुधा तो वाचलेला असतो. बूड खरवडले तर मात्र कडूपणा सगळीकडे जातो.

पास्ता तयार आहे आणि खिमा अजून चिवट आहे, असे झाल्यास पास्ता झाऱ्याने निथळून ताटात पसरावा, म्हणजे त्याचे शिजणे थांबेल, आणि खिमा अर्धी वाटी पाणी घालून आणखी शिजवावा. गिच्च झालेला पास्ता पूर्ववत होत नाही. तरी तव्यावर तेलात कुरकुरीत केलेला शिळ्या पावाचा चुरा वरून घातला तर दाताला काहीतरी लागते आणि जेवण वाया जात नाही.

म्हशीच्या मांसाऐवजी बकऱ्याचा खिमा वापरणाऱ्यांनी क्रम हाच ठेवावा, फक्त प्रेशर पॅनमधली वेळ सात-आठ मिनिटांवर आणावी.

उरलेला पदार्थ दुसऱ्या दिवशी कोरडा आणि घट्ट दिसतो, कारण पास्ता रात्रभर रस पीत राहतो आणि थंड झालेला स्टार्च कडक होतो; त्यात पाव वाटी कढत पाणी घालून झाकणाखाली मंद आचेवर वाफ येईपर्यंत गरम केला की तो पुष्कळसा पूर्वीसारखा होतो. आपल्या हवेत तो शिजल्यापासून दोन तासांच्या आत, आणि कडक उन्हाळ्यात तासाभरातच, शीतकपाटात गेला पाहिजे. नारळाचे दूध घातलेला असेल तर तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवावा.